गोधडीच्या पोटातल्या दशा

ओसरी

घट बसायच्या आधी दरवर्षी आईकडे गोधड्या धुवायला निघतात. या वेळी त्यातली एक उचलली तर मधोमध हाताला पोकळ लागली. आतलं कापड विरून एका कोपऱ्याला गोळा झालं होतं. वरचं लुगडं आजीचं, हिरवं इरकल. तशीच धुतली असती तर गोधडी गेलीच असती, म्हणून मन घट्ट केलं आणि ब्लेडने एकेक टाका कापत उसवायला बसले. तीन संध्याकाळी गेल्या.

आत काय निघालं ते लिहिते, कारण तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

सगळ्यात खाली आजोबांचं धोतर, मध्ये दांड घातलेलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धोतर किंवा लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे जोडून घ्यायचे, त्याला दांड घालणं म्हणतात.) त्यावर मामाच्या शाळेच्या खाकी चड्डीचा अर्धा पाय. मावशीच्या फ्रॉकचा घेर, चुण्यांसकट. सदऱ्याची एक बाही, शिवण उसवून सपाट केलेली. पिठाच्या पिशवीचं मांजरपाट, त्यावरची निळी अक्षरं अजून अर्धीमुर्धी वाचता येतात. आणि यातल्या एकाही तुकड्याची कड दुमडलेली नव्हती. जसं फाटलं किंवा फाडलं तसंच आत ठेवलेलं. बोटाच्या पेराएवढ्या दशा सुटलेल्या, आणि इतक्या वर्षांच्या वापरात त्या शेजारच्या थरात अशा गुंतल्या होत्या की तुकडे वेगळे करताना चर्र आवाज येत होता.

बाहेरून हीच गोधडी किती शिस्तीची! चारी कडा आत दुमडलेल्या, धाव दोरा ओळीने, दोन ओळींत बोटभर अंतर.

एक जागा अशी सापडली की उसवणं थांबवून आईला हाक मारली. फ्रॉकच्या तुकड्यावर शेंगदाण्याएवढं जळकं भोक होतं, शेगडीची ठिणगी पडली असणार. आजीने त्याला ठिगळ लावलं नव्हतं. भोकाभोवती गोल टाके घेतले होते. एक फेरी, तिच्या बाहेर दुसरी, अशा सात. मोजल्या. दोरा लाल. सबंध गोधडीत दुसरीकडे कुठेही लाल दोरा नाही. आणि ही जागा दोन थरांच्या खाली होती, शिवून झाल्यावर कुणाच्याच नजरेला पडणार नव्हती.

आजीला जाऊन २० वर्षं झाली. विचारणार कुणाला?

गोधडी नवं पोट भरून पुन्हा शिवली, आईच्या पलंगावर आहे. निघालेले तुकडे मात्र टाकवेनात. शेवटी धोतराचा हातभर लांब, हातभर रुंद तुकडा खाली अंथरला आणि त्यावर ते सगळे दशांसकट मांडत गेले. पेन्सिलीची खूण नाही, टाचण्या नाहीत, कात्री नाही. एक तुकडा ठेवायचा, त्यावर धाव दोरा घालायचा, मग त्याच्या शेजारी कोण बसतंय ते हातानेच चाचपायचं. दोरा एका वेळी हातभरच घ्यायचा. तो संपला की सुई ठेवायची आणि लांबून बघायचं. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की खाकी तुकडा वर सरकायला हवा.

जळक्या भोकाचा तुकडा मध्यावर आला. मी आणला नाही, तो तिथे आला. त्याच्या लाल टाक्यांना हात लावलेला नाही.

आता विचारायचं ते हे. गोधडीचं कौतुक आपण नेहमी वरच्या बाजूचं करतो, टाका किती बारीक, ओळ किती सरळ. मला वाटतं, आतल्या बाजूला या बायका मोकळ्या हाताने जे करत होत्या तेही तितकंच मोलाचं आहे, आणि ते बाहेर आणून बघायला हवं. तुमच्यापैकी कुणी असं न आखता, कडा उघड्या ठेवून शिवतं का? फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.

सांजवात

ओसरीताई, फोटो बघून घशात आवंढा आला. माझ्याकडे आईच्या साड्यांचं एक गाठोडं आहे. बोहारणीला द्यायचं धाडस होत नाही आणि नेसायच्या लायकीच्या त्या राहिल्या नाहीत. शिवणाचा हात मला बेताचाच. उघडी कड ठेवली की दशा निघतच राहणार ना? दोन वर्षांत सगळा तुकडाच सुटून यायचा. त्या कुठे थांबवायच्या?

कातरण

ताई, याचं उत्तर मी देतो. ३० वर्षं शिंपीकाम करतोय, दिवसभर दशांशीच गाठ असते.

कापड म्हणजे ताणा आणि बाणा, उभे धागे आणि आडवे धागे. सरळ कापलं की कडेचा धागा मोकळा होतो आणि घरंगळून पडतो, त्याच्या काटकोनातले धागे लोंबत राहतात. त्यालाच आपण दशा म्हणतो. साडीच्या काठाला दशा निघत नाहीत, कारण आडवा धागा तिथे वळून परत आत जातो. तुकडा तिरका, ४५ अंशांत कापलात तर धागे एकमेकांत अडकून राहतात आणि कडेला नुसती बारीक लव येते. म्हणजे किती दशा हव्यात ते कापतानाच तुमच्या हातात असतं.

थांबवायचं म्हणाल तर कडेपासून पाव इंच आत बारीक धाव दोरा घाला. दशा त्या टाक्यापर्यंत येतात आणि तिथे अडतात. टाका जितका लहान तितका तो धाग्याला धरून ठेवतो. मांजरपाट, मलमल, हातमाग यांची वीण सैल, त्यांना लांब मऊ दशा येतात. पॉपलिन घट्ट, त्याला आखूड. जॉर्जेट आणि पॉलिस्टरच्या नादी लागू नका. ते सुळसुळत सुटत राहतं, टाक्यातूनही निसटतं.

आणखी एक करून बघा. कात्री बाजूला ठेवा. कडेला जेमतेम चीर द्या आणि हाताने फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं. कात्रीची कड बोटाला धारदार लागते, फाडलेली मऊ लागते. आमच्या वस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात कापड फाडायला शिकवलं, कात्री हातात दिली ती नंतर.

आईंच्या साड्यांत एखादी धूपछाव असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून एकाच तुकड्याच्या एका कडेला हिरव्या दशा येतील आणि शेजारच्या कडेला लाल. रंगवून असं येत नाही.

सांजवात

दादा, आत्ता गाठोडं सोडून बघितलं. एक धूपछाव आहे! आईच्या डोहाळजेवणाची, मोरपंखी. पदराजवळ विरली आहे. टीचभर फाडली. एकीकडे निळ्या दशा, दुसरीकडे हिरव्या. मी नुसती बघत बसले आहे.

बालाघाट

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो.

माझी आई अजून गोधड्या शिवते, मजुरीवर. लोक कापड आणून देतात, ती ओसरीवर अंथरते, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते आणि एका गोधडीला आठ-दहा दिवस बसते. बोटाला चिंधी गुंडाळलेली असते, तरी दाभण लागतंच. तिने कड उघडी ठेवली तर गिऱ्हाईक गोधडी परत आणून देईल. दशांत लेकराच्या पायाचं बोट अडकतं, नदीवर आपटून धुताना तुकडा फाटतो. कड आत दुमडणं ही तिची विद्या आहे. तुम्ही ती विद्या काढून टाकलेलं कापड भिंतीवर लावणार, आणि ते कलाकृती. आईची गोधडी मात्र मजुरीची वस्तू. हे मला टोचतं.

दुसरं, न आखता शिवण्याबद्दल. ती कागदावर काही काढत नाही हे खरं. पण पहिला टाका घालायच्या आधी अर्धा दिवस ती नुसते तुकडे हलवत असते. विटका भाग आत, धड भाग वर. अंगाखाली येईल तिथे मऊ, पायाशी जाड. रंग असे की मळ दिसू नये आणि तरी गोधडी बघावीशी वाटावी. ही आखणीच आहे, ती फक्त डोक्यात असते. तिला 'सहज' म्हटलं की माझ्या आईचा अर्धा दिवस पुसला जातो.

ओसरी

दादा, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य. 'सहज' हा शब्द मी लिहिला नव्हता, पण माझ्या लिहिण्यातून तो वास येत होता हे खरं. आईंचा तो अर्धा दिवस, तुकडे हलवत बसण्याचा, मला नेमकं तेच शिकायचंय. माझ्या हाताला ते चार आठवड्यांत जेमतेम उमगायला लागलं.

पहिल्याबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. अंगावर घ्यायच्या गोधडीची कड दुमडलेलीच हवी, त्यात वादच नाही, आईसाठी पुन्हा शिवली तीही दुमडूनच. पण आजीनेच आतल्या कडा उघड्या ठेवल्या होत्या, आणि ते आळसाने नव्हतं. दुमडलेल्या कडेचा आत कंगोरा झाला असता आणि तो झोपणाऱ्याला टोचला असता. उघडी दशा सपाट बसते आणि वर-खालच्या थरांना धरून ठेवते. कुठे दुमडायचं आणि कुठे मोकळं सोडायचं हे तिला माहीत होतं. मी तिचं मोकळं सोडणं उजेडात आणते आहे. त्याला कला म्हणायचं तर बाहेरच्या दुमडीलाही त्याच दमात म्हणायला हवं, हे तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे.

आईंना फोटो दाखवाल का? त्यांना काय दिसतं ते ऐकायला मला खरंच आवडेल.

काळीनदी

आमचं गाव हल्याळकडचं, म्हणून सिद्दी बायकांच्या कवंदीबद्दल, म्हणजे त्यांच्या गोधडीबद्दल, लिहितो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलेल्यांपैकी पुष्कळ जण पळून घाटावरच्या जंगलात आले, तिथेच वसले. घरात कोकणी बोलतात, आमच्याशी मराठीत बोलतात. लहानपणी आमच्या घरी कवंदी याच बायका शिवून देत.

गोधडीत आणि कवंदीत फरक असा, की कवंदीत तुकडे वरच दिसतात. खाली साडीचं सलग अस्तर असतं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेने फिरायचं, तुकड्यामागून तुकडा लावत मध्याकडे यायचं. पुढचा तुकडा कुठला, हे तिथवर पोचल्याशिवाय ठरत नाही. टाक्यांच्या ओळीही कडेला समांतर फिरत येतात, म्हणून झालेली कवंदी लांबून बघितली तर पाण्यात खडा टाकल्यासारखी दिसते, फक्त चौकोनी.

आणि चारी कोपऱ्यांना 'फुलं'. बारक्या चौकोनी तुकड्यांच्या घड्या घालून त्रिकोण करतात, एकावर एक रचून कोपऱ्याला टाचतात. थंडी अडवायला त्यांचा काही उपयोग नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाईंना आईने एकदा म्हटलं, फुलं राहू द्या, वेळ जातो. त्यांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, फुलांशिवाय ती नागडी दिसेल. मध्याशी शेवटचा तुकडा बसवताना त्याखाली तांदळाचे चार दाणे ठेवायची रीतही त्यांच्यात आहे, कवंदीचं पोट रिकामं राहू नये म्हणून.

ओसरीताई, तुमच्या आजीचे सात फेरे वाचले आणि ती फुलं आठवली.

उगवतीकर

तोक्योहून लिहिते. बालाघाट यांनी काढलेला प्रश्न इथेही आहे, म्हणून थोडं सांगते.

जपानच्या ईशान्य भागात, आओमोरीकडे, थंडीमुळे कापूस पिकत नसे. गरीब शेतकरी अंबाडीसारख्या झाडाच्या धाग्याचं खरखरीत कापड नेसत. सुती कापड पश्चिमेकडून जहाजाने यायचं तेही जुनेरं, चिंध्या म्हणून. त्या चिंध्या थरावर थर लावून, निळीत रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा धाव टाका घालून पिढ्यानपिढ्या वापरल्या जात. त्या कपड्यांना 'बोरो' म्हणतात, म्हणजे जीर्ण, फाटकं. ज्यांच्या घरात ते होतं त्यांना त्याची लाज वाटे, पुष्कळांनी जाळून टाकलं. चुझाबुरो तानाका या संशोधकांनी गावोगाव फिरून ते जमवलं, आणि असाकुसामध्ये २००९ ते २०१९ त्याचं संग्रहालय होतं. बंद व्हायच्या आधी मी दोनदा गेले होते. तिथे काही कपड्यांना हात लावू देत. एका रजईसारख्या झग्याची बाही मी उचलली आणि तिच्या वजनानेच दचकले. आमच्या घरची वाकळ जितकी जड, अगदी तितकी.

आज 'बोरो' नावाखाली नवीन कापड मुद्दाम फाडून महागडी जाकिटं विकतात. ते बघून माझ्याही पोटात तुटतं. पण ओसरीताईंनी नवं कापड फाडलेलं नाही. आजीचंच कापड, आजीच्याच दशा, एक पिढी पुढे. ज्यांनी बोरो शिवला त्यांच्या घरातही ते असंच चाले, आजीच्या झग्यावर नातीचं ठिगळ.

कातरण

दुकानातल्या कातरणाबद्दलही लिहायचं होतं. अमेरिकेतल्या अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या काळ्या बायकांच्या गोधड्या प्रसिद्ध आहेत. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या मांडल्या होत्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली. १९७२ मध्ये तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेला एका मोठ्या कंपनीचं कॉर्डरॉयचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. उरलेलं कातरण त्या घरी नेत. कॉर्डरॉय जाड, बारीक तुकडे त्यात जमत नाहीत, म्हणून त्यांच्या गोधड्यांत मोठे पट्टे आले. जे कातरण हाताशी, तशी गोधडी. माझ्या दुकानातलं शर्टिंगचं कातरण दर शनिवारी दोन बायका घेऊन जातात, आणि त्यांच्या गोधड्या रेघारेघांच्याच होतात.

सांजवात

माझं सांगू? धूपछावीचा टीचभर तुकडा आईच्याच परकराच्या पांढऱ्या कापडावर शिवला. दादांनी सांगितल्यासारखा पाव इंच आत टाका. पहिल्या कडेला टाके मोठे-छोटे झाले, उसवावेसे वाटले. मग ओसरीताईंचं हातभर दोऱ्याचं लक्षात ठेवलं, दोरा संपेपर्यंत उसवायचं नाही असं ठरवलं. चौथ्या कडेपर्यंत हात बसला. आता पहिली कड उसवावीशी वाटत नाहीये, तिथे मी शिकत होते ते दिसतं.

एक चूक मात्र झाली. शेजारी लाल खणाचा तुकडा लावला आणि पाण्यात बुडवला, लाल रंग सगळीकडे पसरला. पांढरं गुलाबी झालं. काय करू?

ओसरी

सांजवात, सगळे तुकडे शिवायच्या आधी वेगवेगळे भिजवायचे, हे मी आधी लिहायला हवं होतं. खण तर हमखास रंग सोडतो. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचा, फडकं रंगलं तर तो तुकडा दोन-तीन पाण्यांतून काढायचा. आता गुलाबी झालंय ते राहू दे. त्या गुलाबीला जवळचा एखादा तुकडा गाठोड्यात सापडेल, तो शेजारी लावून बघ.

बालाघाट

काल गावी आलो, आईला फोटो दाखवला. फोन हातात घेऊन तिने तो मोठा केला. आधी विचारलं, "ह्यो दोरा कुठला?" मग बराच वेळ काहीच बोलली नाही. जळक्या भोकाशी येऊन थांबली आणि टाके मोजायला लागली, ओठ हलत होते.

म्हणाली, "भोक वाढू नये म्हणून फेऱ्या घेतल्यात. पर तीन बास व्हत्या. तीन घेतल्या की भोक धरतंय. वरच्या चार कशाला घातल्या मग?"

मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "मीबी घालते कवा कवा."

मग उठून आतली एक गोधडी घेऊन आली, माझ्या लग्नातली. खालच्या बाजूला, अस्तराच्या कोपऱ्यात, पिवळ्या दोऱ्याचं एक बारकं चक्र होतं. त्या गोधडीवर मी नऊ वर्षं झोपतोय, मला ते कधी दिसलं नव्हतं. फोटो जोडतोय.

ओसरी

दादा, आईला वाचून दाखवलं. तिने त्या चक्राचा फोटो मागून घेतलाय, तिच्या फोनवर.

काकूंना सांगा, दोरा साधा सुती आहे, आजीच्या डब्यातलं शेवटचं रीळ. लाल दोरा ओल्या फडक्यावर घासून बघितला, अजून रंग सोडत नाही.